नऊ सेकंद हात तोंडाशी

सोमवारी सकाळी दहा वाजून एकेचाळीस मिनिटांनी चित्र थांबले. नऊ सेकंदांनी ते पुन्हा हलू लागले.

त्या नऊ सेकंदांत काय घडले, ते दुसऱ्या दिवशी कळले.

दुभाषी घराच्या मागच्या खोलीत दार लावून बसली होती. रुग्णालयात कानाने ऐकू न येणारा रुग्ण आला की डॉक्टर बोलतात ते ती पडद्यावरून हातांनी सांगते, आणि रुग्णाचे हात सांगतात ते डॉक्टरांना तोंडाने सांगते. त्या दिवशीचा रुग्ण एक सुतारकाका होते. वय अडुसष्ट, ऑपरेशन हर्नियाचे, मंगळवारी सकाळी आठला. डॉक्टर म्हणाले, "उद्या सकाळी काही खायचं नाही." दुभाषीने ते सांगितले. मध्येच तिच्या पडद्यावर डॉक्टर अर्ध्या उघड्या तोंडाने गोठले, पण तिने वाक्य पुरे केले. चित्र परत आले तेव्हा सुतारकाका जोरजोरात मान डोलावत होते. "समजलं?" तिने विचारले. त्यांनी छातीवर हात ठेवून सांगितले, "चांगलंच समजलं."

रुग्णालयाच्या पडद्यावर मात्र दुभाषी गोठली होती. 'उद्या'ची खूण झाली होती, 'सकाळ'ची झाली होती, आणि पाच बोटे जुळवलेला तिचा उजवा हात ओठांशी होता. तो तिथे नऊ सेकंद राहिला.

मंगळवारी आठला सुतारकाका चार अंडी, सहा पाव आणि दोन कप चहा पोटात घेऊन टेबलावर झोपायला आले. नर्सने कपाळावर हात मारला. काकांनी कागद मागून घेतला आणि लिहिले: "लग्न झाल्यापासून इतक्या आग्रहाने मला कुणी जेव म्हटलं नव्हतं. मोडवेना."

ऑपरेशन शुक्रवारवर गेले. नवा समजावणीचा कॉल गुरुवारी अकराला ठरला. मंगळवारीच नऊ वाजता रुग्णालयाच्या समन्वयक बाईंचा फोन आला. त्या कधी आवाज चढवत नाहीत, त्यामुळे त्यांचा फोन मनाला जास्तच लागतो.

"ही दुसरी लेखी तक्रार. पहिली डोळ्यांच्या विभागाची होती."

"लाइन तुटते हो. माझ्या हातात नाही."

"तुमच्या घरात आहे ना पण? तिसरी आली की काम दुसरीकडे जातं. नियम माझा नाही."

हे काम मिळून दुभाषीला सहा आठवडे झाले होते. त्याआधी बारा वर्षे ती तासाच्या बोलीवर शाळा, कचेऱ्या आणि पोलीस चौक्या धुंडाळत फिरली होती. महिनाअखेरीला ठरलेला पगार येतो ही गोष्ट तिला अजून नवी होती, आणि ती तिला जाऊ द्यायची नव्हती.

ती पुढच्या खोलीत आली. तिथे तीन गोष्टी होत्या: दाराजवळच्या फळीवर राउटर, त्याच्या समोर दोन हातांवर आईचे शिवणयंत्र, आणि खुर्चीत बाबा.

"राउटर बदलायचा," ती म्हणाली.

"बदलू," बाबा म्हणाले. "तीन कोटेशनं मागव."

बाबा एकतीस वर्षे पाणीपुरवठ्याच्या भांडारात स्टोअरकीपर होते. निवृत्त झाले तेव्हा भांडार मागे राहिले, पण स्टोअरकीपर घरी आला. पंख्याला चौदा नंबरची पत्र्याची पट्टी आहे. राउटरला बावीस. मीटरच्या पेटीखाली त्यांनी स्वतः रंगवलेली पाटी आहे: *कापड आणि वीज एका फळीवर ठेवू नये.* ही पाटी भांडारात होती तेव्हा एकदाही आग लागली नाही, हा त्यांचा पुरावा.

"बाबा, गुरुवारी अकराला कॉल आहे. कोटेशनं येईपर्यंत..."

"आधी दोष सिद्ध करावा लागेल. माझ्या नोंदवहीत एकही खंड नाही." त्यांनी वही काढली. गेल्या पंधरवड्यात रोज दुपारी दोन, चार आणि संध्याकाळी सहा, आठ वाजता वायफाय तपासल्याची नोंद होती. प्रत्येक ओळीपुढे "ठीक".

"सकाळची नोंद कुठेय?"

"सकाळी दहा ते एक मी वाचनालयात असतो."

"माझे सगळे कॉल दहा ते एकच असतात."

"मग तो काळ नोंदीत नाही," बाबा म्हणाले. जे नोंदीत नाही त्यावर बोलायची त्यांची सवय नव्हती.

ब्रॉडबँडवाल्यांचा माणूस दोनदा येऊन गेला होता, दोन्ही वेळा दुपारी तीनला. दोन्ही वेळा त्याने मोबाइल हवेत फिरवला, "एकदम कडक आहे ताई," म्हणाला आणि पाणी पिऊन गेला.

एवढा वेळ आई शिवणयंत्रावर पँटची शिवण उसवत होती. आईला जन्मापासून ऐकू येत नाही. त्या घरात दुभाषी बोलायला शिकली त्याआधी हातांनी बोलायला शिकली. तिचे कागदावरचे नाव आईच्या काही कामाचे नाही. आईने तिला ठेवलेले नाव म्हणजे गालावर दोनदा टेकलेले बोट. दाराची बेल दाबली की यंत्रावर टांगलेला पिवळा दिवा लुकलुकतो, मग आई उठून दार उघडते. शिवणाची गिऱ्हाइके सकाळीच येतात.

आईने टेबलावर टिचकी मारली. बापलेकीने मान वर केली.

"नवा आणताय?" आईने हातांनी विचारले.

"हो."

"दिवे नसलेला आणा."

बाबा तोवर वहीत डोके घालून बसले होते. ऐकू न येणाऱ्या माणसाचे म्हणणे टाळायला कानांत बोटे घालावी लागत नाहीत, मान खाली घातली की पुरते. दुभाषीने पाहिले, पण तिचे लक्ष मोबाइलवर राउटरांची चित्रे सरकवण्यात होते.

"बघते," ती म्हणाली, तेही एकाच हाताने.

दुकानात दुपारी दोघे गेले. काचेच्या कपाटात राउटर मांडले होते. काही चपटे, काही उभे, आणि एक पाठीवर पडलेल्या खेकड्यासारखा.

"काका, वापर काय आहे?" दुकानदाराने विचारले.

"व्हिडिओ," दुभाषी म्हणाली. "एक सेकंदही थांबता कामा नये."

"मग चार अँटेनावाला नकोच. आठचा घ्या. भिंत असो, कपाट असो, आरपार."

"याचं वजन किती?" बाबांनी विचारले.

दुकानदार एकोणीस वर्षे या धंद्यात होता. हा प्रश्न त्याला पहिल्यांदाच आला. "वजन?"

"वस्तू हलकी म्हणजे आत काही नाही. व्हॉल्व्ह मी वजनावर घेत असे."

"बाबा, हा व्हॉल्व्ह नाही."

"पाणी सोडतो ना? तसंच आहे हे," बाबा म्हणाले आणि पिशवीतून घरचा स्वयंपाकाचा काटा काढला. दुभाषीने कपाटातल्या बल्बांकडे पाहायला सुरुवात केली. तिच्या बालपणातला बराचसा वेळ तिने दुकानांमध्ये असाच दुसरीकडे पाहत काढला होता.

चार अँटेनांचा तीनशे दहा ग्रॅम भरला. दोन डब्यांची राउटर-जोडी मिळून पाचशे. आठवाला सातशे चाळीस. त्याच्या अंगावर निळ्या दिव्यांची एक गोल कडी होती, ती सारखी धावत होती.

"ही कडी कशाला?" दुभाषीने विचारले.

"शोभा हो ताई. लोक लाइट बघूनच घेतात."

"लेखी द्या," बाबा म्हणाले. "मॉडेल, वजन, वॉरंटी, परत घ्यायच्या अटी."

दुसरे कोटेशन समोरच्या दुकानातून मिळाले. तिसरे बाजूच्या गल्लीतून, आणि त्या दुकानात गल्ल्यावर पहिल्या दुकानदाराचा मेहुणा बसला होता आणि दोन्ही कोटेशनं एकाच अक्षरात होती, हे बाबांनी ओळखले. तरी तीन म्हणजे तीन. रात्रीच्या जेवणापर्यंत तुलनात्मक तक्ता तयार झाला. रकाने सात. त्यात आईने सांगितलेल्या गोष्टीचा रकाना नव्हता.

बुधवारी दुपारी आठ अँटेना घरी आल्या. जुना राउटर बदल्यात दुकानदाराने ठेवून घेतला. नवा शनिवारी पाचपर्यंत परत करण्याची मुभा होती, अट एवढीच की अंगावर ओरखडा, डाग किंवा चिकटपट्टीची खूण नको. बाबांनी त्याला तेवीस नंबर दिला, पण पट्टी ठोकली नाही, दोऱ्याने बांधली.

दोन, चार, सहा, आठ. चारही वेळा ठीक. दुभाषीने सुतारकाकांच्या मुलाला व्हिडिओ कॉल लावून पाहिला, चित्र पाण्यासारखे वाहिले. बाबांनी "काम पूर्ण" असा दाखला लिहिला, त्यावर तिची सही घेतली. त्या रात्री दुभाषी आठवड्यात पहिल्यांदा निवांत झोपली.

गुरुवारी दहाला बाबा वाचनालयात गेले. दहा वाजून बावन्न मिनिटांनी दुभाषीने मागच्या खोलीचे दार लावले, कॅमेरा नीट केला आणि चाचणीचा कॉल लावला. समन्वयक बाईंचा चेहरा आला, चौकोन चौकोन झाला आणि डाव्या भुवईवर थांबला.

तिने दार उघडले आणि पुढच्या खोलीत आली.

फळीवर राउटर नव्हता. फळीवर सर्वात मोठे स्टीलचे पातेले पालथे घातलेले होते. वायरी चेपू नयेत म्हणून एका बाजूने कडेखाली दोऱ्याची रिळे लावली होती. समोर आई शांतपणे पँटला टीप घालत होती.

दुभाषीने तिच्या खांद्याला हात लावला. "हे काय आहे?"

"पातेलं."

"ते दिसतंय मला! राउटरवर कशाला?"

"जुना डबा याला पुरत नाही," आईने सांगितले. "याला शिंगं आहेत."

"जुना डबा?"

आईने यंत्राखालून बटणांचा पत्र्याचा डबा काढला. त्याच्या एका कडेला कात्रीने व्यवस्थित खाच पाडलेली होती, वायरी जातील एवढीच. बोट कापू नये म्हणून तिला आईने कापडी पट्टीही लावली होती. सहा आठवडे, दहा ते एक, बटणे परातीत आणि डबा राउटरवर. बाबांची यायची वेळ झाली की बटणे परत डब्यात.

"अगं पण का?"

आईने पायाखालचे पॅडल थांबवले. आता सांगायला तिचे दोन्ही हात मोकळे झाले.

"तो बोलावतो. तुझ्या टेबलाला जागा हवी म्हणून तू त्याला आतल्या खोलीतून काढून इथे माझ्या समोर आणलंस. दिवसभर लुकलुक. डोळ्याच्या कोपऱ्यात हिरवा काय, पिवळा काय, लुकलुकलं की दार. पहिल्या दिवशी एकतीस वेळा उठले. एकतीस वेळा जिना रिकामा. दुसऱ्या दिवशी म्हटलं, आता उठायचं नाही. तेव्हा खरीच बेल होती. बँकेतल्या बाई होत्या, बारा पडद्यांचं काम घेऊन. गेल्या त्या दुसरीकडे."

"कापड टाकायचं मग. पातेलं काय!"

आईने शिवणाच्या टाचणीने मीटरखालच्या पाटीकडे दाखवले. कापड आणि वीज. भांड्यांबद्दल पाटीवर काही लिहिलेले नव्हते.

"मला सांगायचं तरी."

"मंगळवारी सांगितलं. तू 'बघते' म्हणालीस." आईने टाचणी पुन्हा पँटमध्ये खोचली. "आणि बघितलं नाहीस."

अकराला चार मिनिटे होती. परक्या माणसाच्या हातातला एकही शब्द सांडू नये म्हणून दुभाषी दिवसाचे तीन तास डोळ्यांत तेल घालून बसते. तिने पातेले उचलले. निळी कडी सुटल्यासारखी गरगर फिरू लागली. आईचे डोळे आपोआप दाराकडे गेले.

"बघ," आई म्हणाली. "आता सव्वाअकराला पँटवाले येणार. मी काय करू? उठत राहू?"

चिकटपट्टी लावता येत नव्हती, शनिवार यायचा होता. यंत्र ओढत बसायला वेळ नव्हता. दुभाषीने बाहेरचे दार सताड उघडले, ते मिटू नये म्हणून खाली बटणांचा डबा लावला आणि आईचा हात धरला.

"आत चल. माझ्या बाजूला, कॅमेऱ्याबाहेर बस. पँटवाले येतील तेव्हा थेट आत येऊन उभे राहतील, मी तुला सांगेन."

कॉल चालू असताना खोलीत दुसरी व्यक्ती नसावी, हा रुग्णालयाचा चौथा नियम. तो तिला पाठ होता. तिने आईसाठी स्टूल ओढले.

अकरा वाजता चित्र लागले. स्वच्छ, सुतारकाकांच्या भुवयांतले पांढरे केस मोजता येतील इतके.

"आधी एवढं सांग," काकांनी हात वर केले, "आज खायचं की नाही? सोमवारी तू फार आग्रह केलास."

डॉक्टरांनी सगळे पहिल्यापासून सांगितले. रात्री दहानंतर काही नाही. सकाळी सहाला एक गोळी, एका घोटाबरोबर. दुभाषीने शब्दन् शब्द पोचवला, नकार तर दोनदा.

"घोट कशाचा?" काकांनी विचारले. "चहाचा?"

"पाण्याचा."

"चहातही पाणीच असतं."

"साधं पाणी. फक्त पाणी."

"दूध न घालता घेतला तर?"

डॉक्टर घड्याळाकडे पाहू लागले. दुभाषीने तिसऱ्यांदा सांगायला हात उचलला, तोच तिच्या डाव्या बाजूने दुसरे दोन हात पडद्यात घुसले. आईला राहवले नव्हते. "मूर्खा!" आईच्या हातांनी सांगितले. "पाणी. नळाचं. एवढंसं. चहा नाही, दूध नाही, अंडी नाही. पोट कापणार आहेत तुझं, पाहुणचार नाही करणार!"

काकांचा चेहरा खुलला. ते खुर्चीतून अर्धे उठले. त्या पिढीला ऐकू न येणाऱ्यांची शाळा एकच होती. "दुसऱ्या बाकावरची! तू अजून तशीच ओरडतेस!"

"तू अजून तसाच खातोस!"

पुढची दीड मिनिटे दोघांचे हात इतक्या वेगाने चालले की दुभाषीने डॉक्टरांसाठी फक्त "ते एकमेकांना ओळखतात" एवढेच भाषांतर केले. अगदी तंतोतंत करायचे तर त्यात शाळेच्या आचाऱ्याबद्दल बरेच काही होते.

डॉक्टर थांबले, मग म्हणाले, "या कोण?"

खोटे बोलायला जागा होती. दुभाषीने ती घेतली नाही. "माझी आई."

"त्याही दुभाषी आहेत?"

"नाही. शिवणकाम करतात."

डॉक्टरांनी कागदावर काहीतरी लिहिले. मग काकांना विचारले, "सकाळी सहाला काय घ्याल?" काकांनी एक गोळी दाखवली, एवढासा घोट दाखवला आणि मग आईकडे बघत, भीतभीत, चहाचा कप लांब सारल्याचा अभिनय केला. अकरा वाजून सव्वीस मिनिटांनी कॉल संपला. खंड शून्य.

पँटवाले तोवर दोन मिनिटे पुढच्या खोलीत उभे होते. त्यांनी पातेल्याबद्दल काही विचारले नाही.

एकला बाबा आले. दुभाषीने त्यांना सगळे सांगितले. त्यांनी वही काढली, उघडली, मिटली.

"म्हणजे बावीस नंबर निर्दोष होता."

"हो."

"आणि तो आपण देऊन बसलो."

त्यांनी दुकानदाराला फोन लावला. बावीस नंबर त्याच दिवशी सकाळी कुणीतरी नेला होता. बिनदिव्याचा? "काका, असा कोण बनवेल? चालू आहे की नाही ते कळणार कसं?" बाबांनी फोन ठेवला. चाळीस वर्षांच्या संसारात बाबांचे हात सरकारीच राहिले आहेत. अर्ज भरावा तसे, एकेक रकाना सोडून ते खुणा करतात. ते आईसमोर उभे राहिले आणि त्यांनी सांगितले, "नवा. तक्ता. रकाना. आठवा. दिवे."

"कधी?" आईने विचारले.

"तीन. कोटेशनं."

आईने त्या संध्याकाळी काळ्या जाड कापडाचे दुहेरी अस्तराचे आवरण शिवले. खाली हवेला जागा, मागे वायरींना खाच, आणि आठ अँटेनांना आठ बाह्या. ते बघून दुभाषीला हसू आवरले नाही. फळीवर घातले असते तर आठ हातांचे कुणीतरी शोकसभेला निघाल्यासारखे दिसले असते. पण घातले नाही. बाबांनी पाटीकडे बोट दाखवले, आईने राउटरकडे, आणि आवरण रात्रभर यंत्रावरच राहिले.

शुक्रवारी आठला सुतारकाकांना उपाशीपोटी आत नेले, एवढे त्यांच्या मुलाने कळवले. नऊ वाजून पन्नास मिनिटांनी समन्वयक बाईंचा निरोप आला: "कालच्या कॉलबद्दल लेखी काहीतरी आले आहे. साडेअकराला फोन करते." कुणी लिहिले ते त्यात नव्हते. तक्रार आहे की आणखी काही, तेही नव्हते. दुभाषीने तो निरोप चारदा वाचला आणि आईला दाखवला. आईने तो एकदाच वाचला.

"गेलं तर?" आईने विचारले.

"परत बस पकडेन."

दहा वाजता बाबांनी चष्म्याचे घर खिशात टाकले. दारात ते थांबले. पाटीकडे बघितले, यंत्रावरच्या काळ्या आवरणाकडे बघितले, फिरणाऱ्या निळ्या कडीकडे बघितले. मग आईकडे वळून त्यांनी खुणा केल्या, एकेक रकाना सोडून: "मी. एक. वाजता. येतो." एरवी ते हे कधी सांगत नाहीत.

दहा वाजून सहा मिनिटांनी आईने राउटरला आठ बाह्या चढवल्या. दुभाषीने मागच्या खोलीत जाऊन चित्र लावून पाहिले. ते चालू होते. साडेअकरा व्हायला एक तास चोवीस मिनिटे होती.